सांगोला विधानसभा मतदारसंघाची पार्श्वभूमी : शेकाप आणि शेकापविरोध

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे निकाल लागले, तेव्हा २८८ जागांपैकी शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) वाट्याला एकच जागा आली, आणि ती त्याच्या रायगडच्या बालेकिल्ल्यातून न येता सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून आली. डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी तेथे शहाजीबापू पाटील यांचा २५,३८६ मतांनी पराभव केला. पाचच वर्षांपूर्वी याच पाटलांनी शेकापकडून ही जागा अवघ्या ७६८ मतांनी हिसकावून घेतली होती. दोन निकालांमधला हा फरक भावनेच्या लाटेने घडला असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य नाही असे नाही. परंतु त्याचे खरे कारण मतदारसंघाच्या साठ वर्षांच्या घडणीत शोधावे लागते.

सांगोला हा माणदेशाच्या कडेचा, पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी तालुक्यातून वाहते, पण वर्षातले बहुतेक महिने तिचे पात्र कोरडेच असते. संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्याचा काही भाग मिळून आजचा २५३ क्रमांकाचा मतदारसंघ बनतो. लोकसभेसाठी तो पूर्वी पंढरपूर या राखीव मतदारसंघात होता; २००८ च्या पुनर्रचनेनंतर पंढरपूर लोकसभा मतदारसंघच राहिला नाही आणि सांगोला माढ्याला जोडला गेला. विधानसभेच्या राजकारणावर मात्र या फेरबदलाचा फारसा परिणाम झाला नाही, कारण इथली निवडणूक नेहमी तालुक्याच्या आतच लढली गेली आहे.

शेकापचा जन्म १९४७ चा. काँग्रेसमध्ये शेतकऱ्यांच्या प्रश्नांना स्थान उरलेले नाही, असे मानणाऱ्या शंकरराव मोरे, केशवराव जेधे आदी नेत्यांनी तो उभा केला आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याला मार्क्सवादी बैठक दिली. पुढे मोरे आणि जेधे हे दोघेही काँग्रेसमध्ये परतले, तरी गावागावांतला लाल बावटा खाली उतरला नाही. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६२ साली विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. शेकापला १५ जागा मिळाल्या आणि तेवढ्या बळावर तो प्रमुख विरोधी पक्ष ठरला. त्या पंधरांत सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे असलेले गणपतराव सांगोल्यात वकिली करत होते. तालुक्यात धनगर समाजाची संख्या मोठी आहे आणि गणपतराव त्याच समाजातले होते, हे खरे. पण केवळ जातीच्या गणिताने त्यांची कारकीर्द समजून घेऊ पाहणाऱ्याला १९७२ आणि १९९५ चे पराभव समजावून सांगता येत नाहीत.

१९६७ मध्ये त्यांनी जागा राखली. १९७२ मध्ये काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा जिंकल्या, त्या लाटेत सांगोल्यात काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले आणि गणपतराव पडले. साळुंखे-पाटील यांच्या निधनामुळे १९७४ मध्ये पोटनिवडणूक झाली. राज्य नुकतेच १९७२-७३ च्या दुष्काळातून बाहेर पडत होते आणि रोजगार हमीची कामे हाच खेड्यापाड्यांतला मुख्य विषय होता. अशा वेळी ती जागा शेकापकडे परत आली, आणि त्यानंतर १९७८, १९८०, १९८५ व १९९० अशा चारही निवडणुकांत ती गणपतरावांकडेच राहिली. दरम्यान १९७७-७८ मध्ये गणपतराव विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, आणि जुलै १९७८ मध्ये शरद पवारांच्या नेतृत्वाखाली पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले तेव्हा मंत्री झाले.

या काळातल्या यशाचे मूळ पाण्याच्या प्रश्नात होते, असे माझे मत आहे. विधानसभेत दुष्काळावर बोलणारे आमदार पुष्कळ होते, परंतु गणपतरावांनी पाण्याचा प्रश्न सभागृहाबाहेर चळवळीच्या रूपाने चालवला. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या, त्यांत ते अखेरपर्यंत आघाडीवर होते. कृष्णेचे पाणी उचलून माणदेशात आणणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमागे या परिषदांचा रेटा होता. कोणत्या गावाला पाणी कधी पोहोचणार, हा प्रश्न सांगोल्यात आजही प्रत्येक प्रचारसभेत निघतो, आणि त्याचे उत्तर देताना सर्व पक्षांना गणपतरावांचे नाव घ्यावेच लागते. कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि राज्यातल्या अनेक सहकारी गिरण्या बंद पडत असताना ती चालू ठेवली. तिच्यामुळे रोजगार मिळालाच, शिवाय पक्षाला निवडणुकीपुरत्या गोळा न होणाऱ्या माणसांचे कायमचे जाळेही मिळाले. कमी पाण्यावर येणाऱ्या डाळिंबाने तालुक्याचे अर्थकारण पुढे पालटले. देशातल्या शंभराव्या किसान रेल्वेला डिसेंबर २०२० मध्ये सांगोल्याहूनच हिरवा झेंडा दाखवला गेला.

शेकापविरोधी बाजूचा इतिहास तितका लिहिला गेलेला नाही. ही बाजू आकाराने कधीच लहान नव्हती. फक्त तिचे झेंडे बदलत राहिले. १९९५ मध्ये तरुण शहाजीबापू पाटील काँग्रेसच्या उमेदवारीवर उभे राहिले आणि त्यांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. पुढे तेच पाटील शिवसेनेत गेले आणि त्यानंतर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत. मात्र पक्ष कोणताही असला तरी त्यांना मते देणारी गावे आणि घराणी बव्हंशी तीच राहिली. दुसऱ्या बाजूला शेकापनेही आपल्या मित्रपक्षांची निवड काळानुसार बदलली. १९९९ मध्ये गणपतराव पुन्हा निवडून आले, विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मंत्री झाले, आणि २००२ मध्ये रायगडातल्या वादातून शेकापने पाठिंबा काढून घेतला तेव्हा सरकारबाहेर पडले. २००४ आणि २००९ च्या निवडणुकाही त्यांनीच जिंकल्या.

२०१४ मध्ये ते अकराव्यांदा विधानसभेवर गेले. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून येण्याचा हा देशातला विक्रम आहे, असे तेव्हापासून सर्रास छापले जाते. महाराष्ट्रापुरते ते योग्य आहे. पण केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी त्याहून अधिक वेळा निवडून आले होते, हे नोंदवायला हवे. एस.टी.ने प्रवास करणारा आमदार अशी आबासाहेबांची, म्हणजे गणपतरावांची, ओळख होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत जपली. तिच्या जोडीला विक्रमाची चुकीची नोंद लावण्याची गरज नाही.

२०१४ च्या निकालात पुढच्या दोन्ही निवडणुकांची किल्ली आहे. त्या वर्षी गणपतरावांना ९४,३७४ आणि शिवसेनेच्या शहाजीबापूंना ६९,१५० मते पडली. राष्ट्रवादी काँग्रेसची, म्हणजे तालुक्यात मुख्यतः दीपक साळुंखे यांच्या गटाची, साथ तेव्हा शेकापला होती. २०१९ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या गणपतरावांनी निवडणूक न लढवण्याचे ठरवले. उत्तराधिकाऱ्यावरून पक्षात बराच गोंधळ झाला. आधी जाहीर झालेले नाव कार्यकर्त्यांच्या नाराजीमुळे मागे घेऊन त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उमेदवारी दिली गेली. राज्यपातळीवर राष्ट्रवादी आणि शेकाप मित्र असूनही साळुंखे गटाने या वेळी पाटलांना बळ दिले. परिणामी पाटलांना ९९,४६४ आणि देशमुखांना ९८,६९६ मते मिळाली. शेकापची मते २०१४ पेक्षा वाढूनही जागा गेली, ही गोष्ट त्या निकालाच्या चर्चेत जवळजवळ हरवून गेली. राज्यात शेकापकडे त्या वर्षी फक्त नांदेड जिल्ह्यातले लोहा उरले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे निधन झाले.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा शहाजीबापू पाटील शिंदे यांच्यासोबत गुवाहाटीत होते. तेथून एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलताना त्यांनी केलेले ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हे वर्णन राज्यभर पसरले आणि सांगोल्याचे नाव घराघरांत पोहोचले. पण स्थानिक समीकरण त्या लोकप्रियतेने बदलले नाही. २०२४ मध्ये साळुंखे स्वतःच उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून मैदानात उतरले. शेकाप महाविकास आघाडीचा घटक मानला जात असतानाही दोन्ही पक्षांत जागेवरून तडजोड झाली नाही आणि लढत तिरंगी ठरली. गणपतरावांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांना १,१६,२५६, पाटलांना ९०,८७० आणि साळुंखे यांना ५०,९६२ मते मिळाली. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांपेक्षा २५ हजारांहून जास्त भरते. अर्थात साळुंखे यांची सगळी मते पाटलांकडे गेली असती असे गृहीत धरता येत नाही, कारण २०१४ मध्ये हाच गट शेकापबरोबर होता. परंतु २०१९ साली मिळालेली ही साथ २०२४ मध्ये पाटलांकडे उरली नव्हती, आणि पाच वर्षांत त्यांची स्वतःची मते साडेआठ हजारांनी घटली.