ईलिंगची कौन्सिल आणि वांशिक समानतेचा कायदा

ब्रिटनमधल्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे, कचरा, दिवाबत्ती आणि वाचनालयांच्या जोडीला भाड्याची सरकारी घरे असतात, शाळांचा बराच कारभार असतो, वृद्धांची देखभाल असते आणि मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईच्या आसऱ्याची जबाबदारीही असते. त्यामुळे 1948 नंतर जुन्या वसाहतींतून आलेल्या कुटुंबांना वंशभेद जसा रस्त्यावर भेटला, तसाच कौन्सिलच्या अर्जांत, याद्यांत आणि नियमांतही भेटला. हा सगळा प्रवास पश्चिम लंडनच्या ईलिंग या एकाच बरोमध्ये, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेल्या लंडनच्या एका विभागात, पाहता येतो. पंजाबी वस्तीचे साउथॉल 1965 मध्ये या बरोत आले.

त्याआधीच, 1963 मध्ये, साउथॉलच्या एका शाळेत भारतीय मुले फार झाली म्हणून गोऱ्या पालकांनी तक्रार केली होती. शिक्षणमंत्री एडवर्ड बॉइल यांनी एका शाळेत स्थलांतरितांची मुले साधारण एक तृतीयांशाहून जास्त नसावीत असे सुचवले आणि 1965 मध्ये सरकारी परिपत्रकाने या धोरणावर शिक्कामोर्तब केले. मग रोज सकाळी साउथॉलची मुले बसमध्ये बसून लांबच्या शाळांत जाऊ लागली. गोऱ्या मुलांना मात्र कोणी साउथॉलकडे पाठवले नाही. थंडीत थांब्यावर ताटकळायचे, परक्या वस्तीत टोमणे आणि मार खायचा, शाळा सुटली की बस चुकू नये म्हणून खेळ आणि मित्र सोडून निघायचे. हे म्हणे मुलांच्याच भल्यासाठी, इंग्रजी सुधारावे म्हणून! इंग्रजी घरी बोलणारी आशियाई मुलेही त्याच बसमध्ये होती, यातच खरे काय ते कळते. सत्तरच्या दशकात रेस रिलेशन्स बोर्डाने, म्हणजे वंशभेदाच्या तक्रारी पाहणाऱ्या सरकारी मंडळाने, या प्रकरणी ईलिंगविरुद्ध कायद्याचा मार्ग धरला, तरी बस पूर्ण बंद व्हायला ऐंशीचे दशक उजाडले.

कायदा तोवर हळूहळू तयार होत होता. वंशभेदाविरुद्धचा 1965 चा पहिला कायदा मुख्यतः सार्वजनिक ठिकाणांपुरता होता. घरे, नोकऱ्या आणि सेवा 1968 मध्ये त्याच्या कक्षेत आल्या. त्यातली फट पुन्हा ईलिंगनेच दाखवली. सरकारी घराच्या वेटिंग लिस्टवर फक्त ब्रिटिश प्रजाजनांची नावे घ्यायची असा तिथला नियम होता, आणि त्यावर बोट ठेवून एका पोलिश गृहस्थाला नकार मिळाला. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेले. कायद्यात राष्ट्रीय मूळ आहे, नागरिकत्व नाही, असे सांगून न्यायाधीशांनी कौन्सिलच्या बाजूने कौल दिला. ही फट 1976 च्या कायद्याने बुजवली. सरसकट सर्वांना लागू, पण विशिष्ट समाजालाच विनाकारण अडवणारे नियमही त्याने बेकायदा ठरवले. भेदभाव दूर करण्यासाठी योग्य ती व्यवस्था करा, असे कलम 71 ने कौन्सिलांना बजावले.

ते कलम बरीच वर्षे कागदावरच राहिले. ईस्ट लंडनच्या हॅकनीत वांशिक समानता आयोगाने घरवाटपाची चौकशी केली. 1984 च्या अहवालात दिसले ते असे: सारखीच गरज असलेल्या कुटुंबांपैकी गोऱ्यांना चांगली घरे मिळत होती आणि कृष्णवर्णीयांना उरलीसुरली.

खरा धक्का बसला तो स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या, लंडनमध्ये 1993 मध्ये वंशद्वेषातून झालेल्या खुनाने. पोलीस तपासावरच्या मॅकफर्सन अहवालाने 1999 मध्ये संस्थात्मक वंशभेद, म्हणजे संस्थेच्या कामकाजातच मुरलेला वंशभेद, उघड मांडला आणि 2000 मध्ये कायदा दुरुस्त झाला. आता तक्रार येण्याची वाट पाहून चालणार नव्हते. धोरण आखतानाच त्याचा कोणत्या समाजावर काय परिणाम होईल, हे कौन्सिलला तपासावे लागणार होते. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे, कारण तोवर सिद्ध करण्याचे ओझे ज्याला झळ बसली त्याच्याच डोक्यावर होते.

त्याची कसोटी 2008 मध्ये लागली, तीही ईलिंगमध्येच. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था 1979 पासून आशियाई आणि कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी काम करते. संपूर्ण बरोसाठी सर्वांना एकच सेवा असावी, असे म्हणत कौन्सिलने संस्थेचा निधी धोक्यात आणला. समानतेच्याच नावाने! भाषा येत नाही, व्हिसा नवऱ्याच्या हातात आणि माहेर हजारो मैलांवर, अशा बाईला मदत करायची तर तिची परिस्थिती जाणणारे माणूस लागते. दोन स्त्रिया न्यायालयात गेल्या. सुनावणी सुरू असतानाच कौन्सिलने माघार घेतली, तरीही न्यायमूर्ती मोझेस यांनी लेखी निकाल दिलाच. परिणामांचा विचार धोरण घडतानाच झाला पाहिजे, निर्णय उरकून मागाहून नव्हे, आणि एका समाजासाठीची खास सेवा समानतेच्या विरोधात जात नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

समानतेच्या 2010 च्या कायद्यात हेच कर्तव्य कलम 149 म्हणून आले आणि एप्रिल 2011 पासून लागू झाले. मात्र परिणामांचा खरोखर विचार केला, असे दाखवता आले तर कौन्सिल अशी खास सेवा बंदही करू शकते. दुसरी उणीव आपल्याला जवळची आहे. जातीचा स्पष्ट उल्लेख या कायद्यात घालावा असे संसदेने 2013 मध्ये ठरवले, पण 2018 मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले आणि प्रश्न न्यायालयांवर सोपवला. तिथल्या दलित संघटना आजही ती मागणी लावून धरत आहेत.