पार्श्वभूमी : प्रोमोतोरा, तिचं मानधन आणि तिचे कागद

अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेल्या लोकांच्या वस्त्यांमध्ये दवाखाना, चर्च, शाळा, विद्यापीठ आणि वाणिज्य दूतावास मिळून आरोग्याचं काम करतात, त्याला तिकडे 'भागीदारी' म्हणतात. करारावर सह्या संस्थांच्या असल्या तरी लोकांच्या दारात जाते ती त्याच गल्लीत राहणारी एखादी बाई. स्पॅनिशमध्ये तिला प्रोमोतोरा म्हणतात. तिचं काम आपल्या आशाताईंना ऐकताक्षणी ओळखू येईल, आणि तिचं दुखणंही. ती स्वयंसेविका की कर्मचारी, हा वाद तिथेही पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे. २०२५पासूनच्या घडामोडींनी तो आणखी अवघड केला आहे.

तिची गरज का पडली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९१७ साली टेक्सासच्या सीमेवरच्या एल पासो शहरातल्या पुलावर मेक्सिकोहून रोज कामाला येणाऱ्या मजुरांना आणि मोलकरणींना टायफसच्या भीतीने कपडे उतरवून केरोसीन मिसळलेल्या पाण्याने आंघोळ घालत. सतरा वर्षांच्या एका मोलकरणीने नकार दिला आणि पुलावर दंगल उसळली. १९४२ ते १९६४ या काळात करारावर आणलेल्या शेतमजुरांवर सीमेवरच डीडीटी फवारलं जाई. १९७०च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या एका सरकारी रुग्णालयात मेक्सिकन बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांच्या सह्या प्रसूतिवेदना चालू असताना, इंग्रजी कागदांवर घेतल्या होत्या. दहा जणी कोर्टात गेल्या आणि १९७८ मध्ये खटला हरल्या. पण त्यांच्या लढ्यामुळे संमतिपत्रं स्पॅनिशमध्ये आली, आणि सक्तीच्या नसबंदीला मुभा देणारा कॅलिफोर्नियाचा जुना कायदा पुढच्याच वर्षी रद्द झाला. 'आमचे लोक दवाखान्यात येत नाहीत' अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा इतिहास वाचायला हवा.

१९६२च्या कायद्याने स्थलांतरित शेतमजुरांच्या दवाखान्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला. १९७०च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकन तरुणांनी क्षयाच्या तपासणीची एक्स-रे गाडीच ताब्यात घेऊन आपल्या वस्तीत उभी केली. पुढच्याच महिन्यात त्यांनी ब्राँक्समधल्या एका मोडकळीला आलेल्या रुग्णालयात काही तास ठाण मांडलं. घरोघरी जाऊन तपासणी करा आणि कारभारात वस्तीला अधिकार द्या, या त्यांच्या मागण्यांपैकी दोन. १९७५ मध्ये केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या सामुदायिक दवाखान्यांच्या कारभारी मंडळात निम्म्याहून जास्त सभासद तिथले रुग्णच असले पाहिजेत, हे कायद्यात आलं. भागीदारी या शब्दाला त्या देशात जो काही खरा अर्थ आहे, तो मला या एका अटीत दिसतो.

'हिस्पॅनिक' या शब्दाबद्दलही दोन वाक्यं. तिकडे गेलेल्या मराठी घरांनीही जनगणनेच्या फॉर्मवर 'तुम्ही हिस्पॅनिक मूळचे आहात का' या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण केलेली असते. हा प्रश्न १९८०पासून सगळ्यांना विचारला जातो, आणि ती मोजणी झाली म्हणून आरोग्याचा पैसा मागता आला. मात्र या एका चौकोनात फार वेगवेगळी माणसं कोंबली गेली. २००८ ते २०११ दरम्यान चार शहरांतल्या सोळा हजारांहून जास्त लोकांच्या तपासणीत मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकी मूळच्यांत १०.२ टक्के निघालं, तर मेक्सिकन मूळच्यांत १८.३ टक्के.

आता प्रोमोतोराकडे. लॅटिन अमेरिकेत डॉक्टर पोचत नाहीत अशा गावांत विसाव्या शतकाच्या मध्यापासून चर्च आणि आरोग्य चळवळींनी गावातल्याच माणसांना शिकवून उभं केलं, तिथून ही परंपरा उत्तरेत आली. आपल्याकडे १९७०मध्ये जामखेडला सुरू झालेला गावआरोग्याचा प्रयोग याच विचाराच्या घरातला. टेक्सासच्या सीमेलगत 'कोलोनिया' नावाच्या वस्त्या आहेत. तिथे प्लॉट विकले गेले, पण पाण्याची आणि सांडपाण्याची सोय झालीच नाही. अशा घरात प्रोमोतोरा येते ती थेट स्वयंपाकघरात. आधी कॉफी होते, मुलांची चौकशी होते. दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणतात. एकीच्या लेकराची दुसरी धर्ममाता झाली की जे नातं जुळतं, त्याचं हे नाव. मग बोट टोचून साखर बघायची. दवाखान्यातल्या कागदावर 'टॉर्टिया टाळा' असं लिहिलेलं असतं. तव्यावर टॉर्टिया फुगत असताना तो कागद वाचून दाखवणं म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याला भाकरी सोडा म्हणण्यासारखं. प्रोमोतोरा विचारते, किती खातेस? सहा? मग तीन खा, मैद्याच्या सोडून मक्याच्या कर, आणि आधी राजमा वाढून घे. या बोलण्याला 'प्लातिका' म्हणतात, म्हणजे साध्या गप्पा.

या गप्पांचे पैसे कोणी आणि कशाच्या आधारावर द्यायचे, हा खरा वाद. १९९९ मध्ये टेक्सासने कायदा करून अशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची आणि प्रमाणपत्राची वाट आखली. असं करणारं ते पहिलं राज्य. आठ कौशल्यं, प्रत्येकी वीस तास, असं १६० तासांचं शिक्षण. पुढे मोबदला घेणारीला प्रमाणपत्र बंधनकारक झालं, फुकट काम करणारीला ऐच्छिक राहिलं. कायद्याने 'प्रोमोतोर' आणि 'कम्युनिटी हेल्थ वर्कर' हे दोन्ही शब्द एकमेकांशेजारी बसवले, आणि गोंधळ तिथूनच वाढला. अनेक प्रोमोतोरांच्या मते हे दोन शब्द एक नाहीत. कम्युनिटी हेल्थ वर्कर दवाखान्याची असते, दवाखान्याने दिलेल्या यादीवर काम करते. प्रोमोतोरा वस्तीची असते. डासांपासून घरमालकाच्या दादागिरीपर्यंत वस्तीला जे छळतं ते तिचं काम, आणि ते ती 'दे कोराझोन', मनापासून करते.

प्रमाणपत्राच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच ठिकाणी विमा पैसे देत नाही. तीन-चार वर्षांचं अनुदान संपलं की प्रकल्प गुंडाळला जातो, बाई मात्र त्याच गल्लीत राहते आणि लोक तिचं दार वाजवतच राहतात. मनापासून केलेल्या कामाचं कौतुक करून ते फुकटात करून घ्यायची सवय सगळ्याच देशांना आहे. तिला पगार मिळालाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण पगाराच्या वाटेवर एक काटा आहे, आणि धोरणाच्या कागदांत त्याला फार थोडी जागा मिळते. १९८६च्या केंद्रीय कायद्यामुळे नोकरी देणाऱ्याला कामाचा परवाना तपासावा लागतो. कागद, म्हणजे तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा कायदेशीर परवाना, नसलेल्या कुटुंबांचा विश्वास जिच्यावर सगळ्यात जास्त, तिच्याकडे स्वतःलाही कागद नाहीत असं पुष्कळदा असतं. तिला प्रशिक्षण देता येतं, छोटं मानधन किंवा किराण्याचं कार्ड हातावर ठेवता येतं, पण नोकरी देता येत नाही. म्हणजे पद जितकं पक्कं आणि पगारी होत जातं, तितकी तीच बाई बाहेर पडते, जिच्या भरवशावर ते पद उभं राहिलं. हा तिढा राज्याच्या कायद्याने सुटण्यासारखा नाही.

२०१०मध्ये केंद्राच्या व्यवसाय-वर्गीकरणात या कामाला स्वतःचा क्रमांक मिळाला. कॅलिफोर्नियाने जुलै २०२२पासून मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून, या भेटींचे पैसे द्यायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी तिथे प्रमाणपत्राचा आराखडा जाहीर झाला, आणि प्रोमोतोरांसह अनेकांच्या आक्षेपांनंतर काही महिन्यांतच तो थांबवावा लागला. २०२४पासून मेडिकेअर हा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमाही अशा कामाचे पैसे देऊ लागलं.

मधल्या काळात कोविड येऊन गेला, आणि भागीदारीची ताकद देशाला तेव्हा दिसली. एप्रिल २०२०मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात विद्यापीठाचे डॉक्टर आणि वस्तीतल्या लातिनो (लॅटिन अमेरिकी मूळच्या) कार्यकर्त्यांनी मिळून चार दिवसांत सुमारे चार हजार लोकांची चाचणी केली. तपासलेल्यांत लातिनो निम्म्याहून कमी होते, बाधितांत मात्र ९५ टक्के. बाधितांपैकी दहातल्या नऊ जणांना घरून काम करणं शक्यच नव्हतं. घरात बसा म्हणून सांगायचं तर चूल कशी पेटणार, हे कार्यकर्त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यांनी धान्याच्या पेट्या पोचवल्या, आणि बाधित माणसाला दोन आठवड्यांच्या किमान वेतनाइतके पैसे देण्याची योजना शहराकडून मिळवली. या योजनेत कागद विचारले जात नव्हते. साथीच्या निधीतून ठिकठिकाणी प्रोमोतोरा नेमल्या गेल्या. निधी आटला तशी त्यातली बरीच पदंही गेली.

तेव्हा भीती एका नियमाची होती. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल, असा नियम फेब्रुवारी २०२०मध्ये, नेमका साथीच्या तोंडावर लागू झाला. पुढच्या वर्षी तो गेला तरी भीती गेली नाही. 'अर्ज कर, काही होत नाही' हे दारोदार जाऊन पटवणं, हे तेव्हापासून प्रोमोतोराचं मोठं काम झालं. मेक्सिकोच्या वाणिज्य दूतावासांत २००३पासून चालणाऱ्या आरोग्य-खिडक्यांवरही, पासपोर्टच्या रांगेत उभ्या माणसाचा रक्तदाब बघता बघता हेच समजावलं जाई.

जानेवारी २०२५मध्ये रुग्णालयं, शाळा आणि चर्च यांना स्थलांतर खात्याच्या धरपकडीपासून मिळणारं संरक्षण केंद्राने काढून घेतलं. त्याच वर्षी जूनमध्ये काही राज्यांतल्या मेडिकेड लाभार्थ्यांची माहिती स्थलांतर खात्याच्या हाती गेल्याचं उघड झालं, आणि राज्यं कोर्टात गेली. २०२४मध्ये कागद नसलेल्या सगळ्या प्रौढांना आपल्या योजनेत घेणाऱ्या कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२६पासून त्यांची नवी नोंदणी बंद केली आहे. प्रोमोतोराच्या पगाराचा प्रश्न आता इथे येऊन थांबला आहे. तिच्या भेटीचे पैसे मेडिकेडकडून मिळवायचे, तर ज्या घरी ती गेली तिथल्या माणसाचं नाव त्याच नोंदीत लिहावं लागतं.