एकपात्री करणारी नटी-लेखिका (मराठवाडा)

स्टेजवर एकटीनं उभं राहून तासभर, दीड तास प्रयोग करणारी आणि त्या प्रयोगाची संहिताही स्वतःच लिहिणारी बाई म्हणजे एकपात्री नटी-लेखिका. एवढा लांबलचक शब्द मराठवाड्यात कोणी वापरत नाही, आयोजकाच्या फोनमध्ये तिचं नाव 'एकपात्री मॅडम' म्हणून सेव्ह असतं आणि गावात लोक 'त्या सावित्रीबाई करतात त्या' एवढ्यावर ओळखतात. पूर्ण नाटक कंपनी चालवणं जिथं परवडत नाही, व्यावसायिक नाटकं पुण्या-मुंबईकडून आली तर येतात, त्या आठ जिल्ह्यांत नटीला सलग काम करायचं असेल तर हा एक रस्ता उरतो, आणि तो निवडला की लिहिणंही गळ्यात पडतंच, कारण तिच्यासाठी कोण लिहून देणार?

एकट्यानं उभं राहून बोलणं या भागाला नवीन नाही. पैठणच्या एकनाथांनी (1533 ते 1599) भारुडं लिहिली, त्यात जोशी आहे, गोंधळी आहे, विंचू चावलेला आहे आणि सासरच्या माणसांना वैतागून भवानीला रोडग्याचा नवस बोलणारी बाई पण आहे. गंमत अशी की ती बाई शेकडो वर्षं पुरुषांनीच केली, लुगडं नेसून, कंबरेवर हात ठेवून, आणि लोक पोट धरून हसले. कीर्तनकारही एकटाच उभा असतो आणि आख्यान लावलं की घटकेत राजा, घटकेत राणी, घटकेत द्वारपाल होतो. तुळजापूर-माहूरकडचा गोंधळी कथा सांगताना तेच करतो. बायकांचा एकपात्री मात्र जात्यावर चालायचा, पहाटे, अंधारात, समोर प्रेक्षक नाही, आणि सगळ्यात खरं बोलणं तिथंच व्हायचं. माझ्या मते आजच्या नटीची खरी परंपरा भारुडापेक्षा जात्याची जास्त आहे, फक्त तिला भारुडाचा आवाज उसना घ्यावा लागतो, कारण जात्यावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात नाही.

नाटकाच्या बाजूनं बघितलं तर बाई आधी लेखिका म्हणून दिसते आणि मग कुठं नटी म्हणून रुळते, हे थोडं उलटंच आहे. हिराबाई पेडणेकरांचं 'संगीत दामिनी' 1912 मध्ये रंगभूमीवर आलं तेव्हा नाटकात बायकांची कामं पुरुष करत होते. 1933 मध्ये 'नाट्यमन्वंतर' या नाटक कंपनीच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, त्यानंतर हळूहळू स्त्रीपात्र स्त्रीनं करणं अंगवळणी पडलं. मराठवाडा त्या काळात निजामाच्या राज्यात होता, शिक्षण उर्दूतून, आणि 17 सप्टेंबर 1948 नंतर सगळी घडी नव्यानं बसवायची होती. औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठ झालं 1958 मध्ये, पुढं तिथं नाट्यशास्त्र विभाग आला, कमलाकर सोनटक्क्यांनी तो उभा केला, आणि त्यानंतर जालना-परभणी-बीडकडच्या पोरा-पोरींना नाटक हा शिकायचा विषय असू शकतो हे कळलं. घरी सांगताना मात्र अजूनही 'एम.ए. करायलेय' एवढंच सांगतात, कशात ते विचारलं की बोलणं बदलतात.

याच विभागातले प्राध्यापक लक्ष्मण देशपांडे. त्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' 1979 पासून चाललं, एकटा माणूस, 52 पात्रं, वेश न बदलता नुसत्या आवाजावर आणि अंगावर. मराठवाड्यात एकपात्री म्हटलं की आजही लोकांच्या डोक्यात पहिलं तेच येतं आणि तिथंच या नट्यांची अर्धी पंचाईत होते, कारण प्रेक्षक हसायची तयारी करूनच बसलेला असतो आणि ही येऊन नवऱ्याच्या कर्जाबद्दल बोलायला लागते. दुसरा नमुना पुण्याकडून आला. सुषमा देशपांडे यांनी 1989 मध्ये 'व्हय मी सावित्रीबाई' स्वतः लिहून स्वतः केलं आणि ते थिएटरात अडकवून न ठेवता गावोगाव नेलं. एक बाई, एक लुगडं, समोर बसलेल्यांशी थेट बोलणं. 52 पात्रांच्या जागी एकच पात्र, पण ते आतून. मराठवाड्यातल्या लिहित्या नट्या या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी उभ्या असतात, पात्रं बदलायची कसरत घरच्या गुरुजींकडून आणि 'मी' म्हणून बोलायची हिंमत सुषमाताईंकडून.

करिअर कसं घडतं

सुरुवात बहुतेक वेळा शाळेच्या गॅदरिंगमधून. मग कॉलेज, एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धेत कोणाची तरी आई नाहीतर बहीण. राज्य नाट्यच्या बक्षिसाचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून हॉलमध्ये लागतं. पंचविशीच्या आसपास फाटा फुटतो. एक वाट मुंबईची, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेची मंडळी औरंगाबादहून गेली आणि चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही नावं सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली, त्यामुळं ती वाट प्रत्येकीला खुणावते. दुसरी वाट लग्न, नोकरी, शिक्षिका किंवा आकाशवाणीचं कॅज्युअल काम. ज्या इथंच राहतात आणि तरी थांबत नाहीत त्यांची मग खरी अडचण सुरू होते. ग्रुपमधली पोरं पांगलेली, तालमीला संध्याकाळी सात ते दहा वेळ काढायचा तर घरी स्वयंपाक कोण करणार, हौशी नाटकात पस्तिशीच्या बाईला मिळून मिळून आईचा रोल, तोही दोन एन्ट्र्यांचा. अशा वेळी ती वही काढते. एकपात्रीची तालीम भाकरी थापताना होते, कपडे वाळत घालताना होते, कोणाची तारीख जुळवावी लागत नाही. यात कलेचा आग्रह किती आणि नाइलाज किती हे मला कधीच नीट वेगळं करता आलेलं नाही, आणि त्यांनाही विचारलं की हसतात.

पहिली संहिता नव्वद टक्के वेळा जयंतीची असते. कारण साधं, बुकिंग तिथं आहे. 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 जानेवारीला जिजाऊ, 7 फेब्रुवारीला रमाई, 8 मार्चचा महिला दिन, लगेच 10 मार्चला सावित्रीबाईंची पुण्यतिथी, 31 मे अहिल्याबाई. या तारखांना झेडपी शाळा, कॉलेजं, बँका, बचत गट, समाजमंदिरं सगळीकडून फोन येतात, एका दिवसात सकाळी परभणी आणि संध्याकाळी मानवत असे दोन-दोन प्रयोग होतात आणि मग जून उजाडला की गणपतीपर्यंत शुकशुकाट. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्रामावरचं काही असेल तर एखादा प्रयोग, नवरात्रात दोन-चार. वर्षाचं सगळं गणित या कॅलेंडरवर. त्यामुळं एकीची सावित्रीबाई आणि दुसरीची सावित्रीबाई सारखीच ऐकू यायला लागते, शेण फेकल्याचा प्रसंग सगळ्यांत त्याच जागी येतो, टाळी त्याच वाक्याला पडते. हे मला खटकतं, पण त्याच पाकिटांवर त्यांचं दुसरं, स्वतःचं लिखाण उभं राहतं हेही खरं आहे.

ते दुसरं लिखाण म्हणजे या सगळ्या प्रकाराचा जीव. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणारी बीडकडची बाई, मागं राहिलेली तिची लेक, शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर घरात उरलेली सून आणि मदतीच्या चेकसाठी तहसीलच्या फेऱ्या, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात सगळं गेलेली आणि पत्र्याच्या शेडमध्ये नवा संसार मांडलेली, 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा रात्रभर नळाशी बसलेली. ही बाई कोणत्याही जयंतीच्या यादीत नाही म्हणून तिला बुकिंगही नाही. तिच्यासाठी नटी स्वतःच हॉलचं भाडं भरते.

लिहिणं आणि बोलणं

या संहिता बसून लिहिल्या जात नाहीत, बोलून लिहिल्या जातात. एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं बोलणं कानात धरून आणायचं, घरी आल्यावर मोठ्यानं बोलून बघायचं, जमलं तर वहीत उतरवायचं. पहिला खर्डा हमखास अडीच तासांचा होतो, मग कापाकापी. कापताना पहिल्यांदा भाषण जातं, म्हणजे जावं, पण भाषणालाच टाळी येते म्हणून ते पुन्हा मागच्या दारानं आत येतं.

भाषेचं काम फार बारीक असतं. बाहेरच्याला सगळा मराठवाडा एकसारखा 'लई लई' करतो असं वाटतं, तसं नसतंय. जालना-औरंगाबादकडं 'कामून' म्हणतात, हिंगोलीकडं 'काहून' ऐकू येतं, लातूर-नांदेडकडची बाई 'काय करायलीस' म्हणेल, त्यात नांदेडला तेलंगणाचा हेल लागतो, आणि मध्येच दख्खनी हिंदीतला एखादा शब्द असा येतो की तो मराठी नाही हे बोलणारीला माहीतच नसतं. एकटीनं सासू, जाऊ, तलाठी आणि लेक करायची असेल तर आवाज जाड-बारीक करून भागत नाही, सासू दुसऱ्या जिल्ह्यातून लग्न होऊन आलेली दाखवली की तिचं पहिलं वाक्य ऐकलं की माणूस ओळखतो. सिरियलवाली 'गावाकडची भाषा' करणारी इथं पाच मिनिटांत उघडी पडते, समोरची लोकं कुजबुजायला लागतात.

दुसरी बारीक गोष्ट म्हणजे नजर. समोर नसलेल्या माणसाशी बोलायचं तर तो किती उंच आहे, कुठं बसलाय, हे ठरवून प्रत्येक वेळी तिथंच बघावं लागतं. तलाठी एकदा उजव्या विंगेकडं खुर्चीत बसवला तर पुढच्या प्रसंगात तो डावीकडं उभा राहू शकत नाही, प्रेक्षकाला शब्दात सांगता येत नाही पण काहीतरी चुकलं हे लगेच कळतं. सामान म्हणाल तर एक स्टूल, एक पितळी तांब्या, एक कापडी पिशवी आणि पदर. पदराचं मूल होतं, पदराचा फास होतो, डोक्यावर आला की सासरा आत आला, कंबरेला खोचला की शेत आलं.

सतरंजी आणि खुर्ची

माजलगाव तालुक्यातल्या एका गावात असा प्रयोग बघितला होता, मारुतीच्या पारासमोर, खाली सतरंज्या, माईक मध्येच कुईं करत होता. ऊसतोडीवरची बाई. मुलगी फडावर बाळंत होते आणि दगावते, त्यानंतर नटी समोर बघून विचारते, सांगा ना, माझं काय चुकलं. संहितेत इथं दोन सेकंदांचा पॉज आणि मग पुढचं वाक्य. पण पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "तुजं काय बी चुकलं नाई माय, आधी पाणी पी." आणि स्वतःच्या जवळची पाण्याची बाटली तिनं खरंच वर धरली. नटी दोन पावलं पुढं आली, बाटली घेतली, प्याली, परत दिली, आणि भूमिकेतून जराही न हलता पुढं बोलायला लागली. मागं कोणी हसलं नाही.

तिनं तो पॉज नंतर लांबवला. गावात चाललं, कोणी ना कोणी बोलायचंच, कधी शिव्या पण यायच्या तलाठ्याला. मग शहरातल्या एसी नाट्यगृहात तोच पॉज घेतला तर चारशे माणसं चिडीचूप, कोणाचा तरी मोबाईल वाजला तेवढाच. तेव्हापासून तिच्याकडं एकाच नाटकाच्या दोन प्रती आहेत, एक सतरंजीची आणि एक खुर्चीची, आणि खुर्चीची वीस मिनिटांनी छोटी आहे.

पैशाचं थोडक्यात. तिकीट लावून एकपात्री चालवणं इथं जवळपास होत नाही, संभाजीनगरचं तापडिया नाट्यमंदिर किंवा नांदेडचं शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह भाड्यानं घ्यायचं तर लाईट-साउंडसकट हिशोब हाताबाहेर जातो. त्यामुळं सगळं बिदागीवर. तिकीट लावायचंच ठरवलं तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, ती एक वेगळी धावपळ. म्युझिक ऑपरेट करायला नवरा नाहीतर भाऊ, ड्रायव्हर पण तोच. बिदागी फोनवर ठरलेली असते आणि कार्यक्रम झाल्यावर हातात शाल, श्रीफळ आणि भलीमोठी ट्रॉफी येते, पाकीट 'नंतर बघू ना मॅडम'. एकीनं मला सांगितलं, मार्च महिन्यात आमच्याकडं रोज नारळाची चटणी असते.

पुढं काय, तर संहिता. 2009 मध्ये लक्ष्मण देशपांडे गेले, 'वऱ्हाड' पुढं संदीप पाठकनं उचललं. पण मराठवाड्यातल्या बहुतेक नट्यांचं लिखाण छापलेलं नाही, स्वतःच्या जिभेच्या मापानं शिवलेलं असल्यामुळं दुसरीला दिलं तर ते ढगळ होतं. माजलगाववालीची वही मी बघितली आहे, दोनशे पानी, लाल पेनानं खाडाखोड, बाणच बाण, आणि त्या पॉजच्या समोर समासात पेन्सिलीनं लिहिलंय : आजी बोलली तर थांबायचं, पाणी दिलं तर प्यायचं.