कायदा झाला की सुटका झाली?

वर्षानुवर्षे फिरणारा एक संदेश सांगतो: वेश्याव्यवसाय कायदेशीर करा, त्यातल्या स्त्रियांचे हाल आपोआप संपतील.

हे पटणे स्वाभाविक आहे. बंदी असली की मारहाण झालेली बाई पोलिसांकडे जायला घाबरते, हे खरेच आहे. पण ही भीती कोणाची जाते, ते कायद्यात काय लिहिले आहे यावर ठरते.

जर्मनीने 2002 मध्ये या कामाचे पैसे न्यायालयात मागण्याचा आणि सामाजिक विम्याचा हक्क दिला. पुढे सरकारनेच आढावा घेतला, तेव्हा रीतसर नोकरीचा करार असलेल्या स्त्रिया अगदी मोजक्या निघाल्या. करार कुंटणखान्याच्या मालकाशी होतो, आणि मालकाला तो नकोच असेल तर कागदावरचा हक्क कागदावरच राहतो. न्यूझीलंडने 2003 मध्ये वेगळी वाट धरली. हे काम गुन्ह्यातून वगळले आणि ग्राहकाला कधीही नकार देण्याचा हक्क कायद्यातच लिहिला. नंतरच्या पाहणीत अनेकींनी नकार देणे सोपे झाल्याचे सांगितले. मात्र तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या स्त्रियांना तिथे हे काम करायला मनाईच आहे. सर्वांत असुरक्षित बाई पुन्हा बाहेर राहिली!

कर्ज, बेघरपणा, दलालाची पकड यांना तर नुसता परवाना हातही लावत नाही.

असा संदेश आला तर तो ज्या देशाबद्दल आहे त्या देशाचा कायदा उघडून पाहा. तिथली बाई ग्राहकाला नकार देऊ शकते का? परवाना नसलेलीला तक्रार केल्यावर अटक किंवा हद्दपारी होते का? सोडायचे ठरवले तर घर आणि उत्पन्न कोण देते?