दीड लाख चौरस किलोमीटरचा हक्क आला कुठून?

खोल समुद्रातल्या खाणकामाचा विषय निघाला की हल्ली माणसांना खोल तळाशी नेणाऱ्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीचेच नाव ऐकू येते. हिंदी महासागराच्या तळावरच्या धातुगोळ्यांवरचा भारताचा हक्क मात्र बराच जुना आहे, आणि तो मिळवून दिला तळाच्या नकाशाने.

मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे काळे गोळे 'चॅलेंजर' जहाजाच्या मोहिमेत १८७० च्या दशकातच वर आले होते. आपल्याकडे पहिला नमुना मिळाला २६ जानेवारी १९८१ रोजी, अरबी समुद्रात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे 'गवेषणी' तेव्हा कामावर होते. हे जहाज मुळात गाळ वाहणारा बार्ज, त्याचे संशोधन जहाज केलेले!

१९८२ च्या सागरी कायद्याच्या वाटाघाटींत भारताला 'अग्रणी गुंतवणूकदार', म्हणजे तळाच्या शोधात आधीच पैसा घातलेला देश, म्हणून जागा मिळाली, पण अट पक्की होती. क्षेत्र सारख्या किमतीच्या दोन भागांत मांडायचे; एक आपला, दुसरा जगासाठी राखीव. भाकरी एकाने मोडायची आणि वाटा दुसऱ्याने उचलायचा, तसा हा हिशेब. साहजिकच दोन्ही भाग तितक्याच काटेकोरपणे तपासणे भाग होते.

मग मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात नमुन्यांचे जाळे टाकले गेले, आधी विरळ, मग दाट. त्यासाठीचा ग्रॅब, म्हणजे नमुना उचलणारा जबडा, दोराशिवाय सोडतात. वजनाने तो सुमारे पाच किलोमीटर खाली जातो, तळाला टेकताच जबडा मिटतो, वजने सुटतात आणि काचेचे फुगे त्याला वर आणतात. वर आला की लाटांतून तो शोधून काढायचा! प्रत्येक जबड्यातले गोळे मोजले, गाळ पाहिला. उत्तरेकडे गंगा-ब्रह्मपुत्रेने आणलेला गाळ, दक्षिणेकडे तांबडी माती, आणि मधल्या सिलिकायुक्त चिखलात, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या कवचांच्या गाळात, चांगल्या प्रतीचे गोळे. गोळ्यांची वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर, त्यामुळे जिथे गाळ भराभर साचतो तिथे ते गाडलेच जातात. माझ्या मते या नकाशात खरी किंमत गाळाच्या या सीमारेषांनाच आहे.

१७ ऑगस्ट १९८७ रोजी नोंदणी झाली, तीही जगात सर्वांत आधी, दीड लाख चौरस किलोमीटरची. पुढे नियमानुसार निम्मे क्षेत्र सोडावे लागले. उरलेल्या ७५,००० चौरस किलोमीटरसाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार झाला, त्याला नंतर मुदतवाढही मिळाली. २०२१ मध्ये 'वराह' हे खाणकामाचे यंत्र ५,२७० मीटर खोलीवर, त्याच मऊ चिखलात चालवून पाहण्यात आले.