मक्याची लाही आणि ज्वारीची लाही: नाव एक, रीत वेगळी

पाकीटबंद पॉपकॉर्नच्या मक्याला पाणी लावलं की लाही बिघडते. ज्वारीला पाणी लावलं नाही तर लाही नीट होत नाही. मराठवाड्यात दोन्हींना आपण लाह्याच म्हणतो, दोन्ही कढईत फुटतात, म्हणून एकीची रीत दुसरीला लावली जाते. कुणी मका रात्रभर भिजत घालतं, कुणी ज्वारी थेट गरम तेलात टाकतं. मग हाती येतात ते गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, आणि दोष दाण्याला दिला जातो.

आत घडतं ते मात्र दोन्हींत एकच. दाण्यातल्या पिठूळ भागात थोडं पाणी असतं. दाणा तापला की त्या पाण्याची वाफ होते, पण टणक साल ती बाहेर जाऊ देत नाही. दाब वाढतो आणि आतला स्टार्च शिजून लापशीसारखा मऊ होतो. मक्याच्या दाण्यात साधारण १८० अंश सेल्सिअसला हा दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट होतो आणि साल फाटते. बाहेर उसळलेला स्टार्च फेसासारखा फुगून क्षणात वाळतो, तीच लाही. म्हणजे लागतात तीन गोष्टी: न चिरलेली साल, नेमकं पाणी आणि योग्य वेगाने मिळालेली आच. मका आणि ज्वारी यांत फरक पडतो तो या तिन्हींच्या मापात.

आधी दाणा. पॉपकॉर्नचा मका ही वेगळी जात आहे. दाणा लहान, काचेसारखा कडक, साल जाड. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री भागात एकरच्या एकर दिसणारा संकरित मका प्रामुख्याने पशुखाद्यासाठी जातो. त्याच्या दाण्यात मऊ पिठूळ भाग जास्त असतो आणि साल वाफ धरून ठेवत नाही. तो कढईत तडकतो, भाजतो, एखादा अर्धवट उघडतो, पण फुलत नाही. मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून आणलेल्या मक्याच्या लाह्या का होत नाहीत, याचं हे उत्तर. पाककृती बदलून उपयोग नाही, पॉपकॉर्नचाच मका घ्यायला हवा. गोडसर मक्याची वाळवलेली कणसंही या कामाची नाहीत.

ज्वारीत असा काटेकोर भेद नाही. बहुतेक ज्वारी थोडीफार फुटते, पण सारखी नाही. भाकरीला उत्तम असलेला टपोरा, मोत्यासारखा मालदांडीचा दाणा लाहीला मध्यम. लहान, गोल, दाताखाली कडक लागणारा दाणा अधिक चांगला फुलतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ हा वाण दिला आहे, तो मिळाला तर उत्तमच. पावसात सापडून काळी पडलेली खरिपाची ज्वारी मात्र घेऊ नये. बुरशीने तिचा दाणा आतून मऊ झालेला असतो. कीड लागलेले आणि मळणीयंत्रात चिरलेले दाणेही सुपात पाखडून, हाताने निवडून काढावेत. चिरलेल्या सालीतून वाफ निसटते, तो दाणा फुटणार नाहीच.

आता पाणी. गोंधळ खरा इथेच होतो.

पॉपकॉर्नच्या मक्यात साधारण साडेतेरा ते चौदा टक्के ओलावा राखून तो पाकिटात भरलेला असतो. आपलं काम तो ओलावा सांभाळायचं. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, हवा कोरडी असते. पाकीट कापून तसंच फळीवर ठेवलं तर दाणा हळूहळू सुकतो. म्हणून उघडल्याबरोबर दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत भरावेत. फ्रिजमध्ये उघडे ठेवू नयेत, तिथली हवाही कोरडीच असते. सुकलेला मका वाया गेला असं नाही. अर्धा किलो दाण्यांना चहाचे दोन चमचे, म्हणजे १० मिलि पाणी लावावं, बरणी बंद करून हलवावी आणि दिवसातून दोनदा हलवत दोन-तीन दिवस ठेवावी. पाणी आतपर्यंत मुरायला तेवढा वेळ लागतोच. त्याच दिवशी फोडायला घेतलं तर पाणी नुसतं सालीवर राहतं आणि तेलात तडतडतं. यापलीकडे मक्याला पाणी नको.

कणगीतली किंवा डब्यातली ज्वारी साठवणीसाठी चांगली वाळवलेली असते. लाहीला तिच्यात याहून जास्त ओल लागते, साधारण पंधरा ते अठरा टक्के. घरोघरची जुनी रीत अशी: पाणी उकळायचं, ज्वारी त्यात घालून लगेच चाळणीत उपसायची, जाड फडक्यात बांधून रात्रभर दडपून ठेवायची आणि सकाळी सावलीत पसरून वरची ओल घालवायची. रीत चांगली आहे, पण पाणी किती मुरलं ते हातालाच कळावं लागतं. मापाने करायचं असेल तर अर्धा किलो ज्वारीला ३५ ते ४० मिलि गरम पाणी घ्यावं, हवं तर त्यात अर्धा चमचा मीठ विरघळवावं. शिंपडत शिंपडत दोन्ही हातांनी चोळावं आणि झाकणाच्या डब्यात १० ते १२ तास ठेवावं. मधे दोनदा डबा हलवावा. फोडताना दाणा हाताला कोरडा लागला पाहिजे, मुठीत धरल्यावर दाणे एकमेकांना चिकटता कामा नयेत. लाह्या होतात नागपंचमीच्या सुमारास, म्हणजे श्रावणात. तेव्हा हवेतली ओल ज्वारीत आधीच शिरलेली असते, म्हणून पाणी ३० मिलिपासून सुरू करावं. उन्हाळ्यात तीच ज्वारी ४० मिलि सहज पिते.

आचेचं गणितही वेगळं. मक्याची साल जाड, दाणा ज्वारीपेक्षा मोठा. आच फार मोठी असेल तर बाहेरून करपतो आणि आतला स्टार्च नीट शिजायच्या आत फुटतो, लाही बारकी व टणक होते. आच फार मंद असेल तर वाफ दाण्याच्या टोकाकडून हळूहळू निसटते. म्हणून मध्यम आच, आणि उष्णता सगळीकडून पोचवायला तेल.

तीन-चार लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात २० मिलि, म्हणजे दीड मोठा चमचा तेल आणि मक्याचे तीन दाणे टाका. रिफाइंड करडई किंवा शेंगदाणा तेल बरं. घाण्याचं तेल लवकर धुरावतं, ते चवीला वरून घालावं. तिन्ही दाणे फुटले की अर्धी वाटी मका घाला, साधारण ६० ग्रॅम. झाकण ठेवून पातेलं अर्धं मिनिट आचेवरून उतरवा. एवढ्यात सगळे दाणे सारखे तापतात आणि पुढे जवळजवळ एकदमच फुटतात. पुन्हा मध्यम आचेवर ठेवून पातेलं हलवत राहा. झाकण एका बाजूने बोटभर उघडं हवं. कोंडलेली वाफ लाहीत शिरली की ती चामट होते. दोन आवाजांमधलं अंतर दोन सेकंद झालं की गॅस बंद करून लगेच परातीत ओता. अर्ध्या वाटीच्या दोन लिटरच्या आसपास लाह्या व्हायला हव्यात. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी आणि रबराचं कडं दोन्ही काढूनच. झाकण बंद करून मका फोडणं धोक्याचं आहे.

ज्वारीला तेल नको. दाणा बारीक, तेल सगळ्या लाहीला लागतं, ती जड होते आणि तिचं पीठ दळता येत नाही. साल मक्यापेक्षा पातळ, म्हणून वाफ निसटायच्या आत दाणा तापला पाहिजे. इथे आच मोठीच हवी. चुलीवर करणाऱ्या बायका लाह्यांना तुराट्या किंवा पऱ्हाटीचा, म्हणजे तुरीच्या किंवा कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ घालतात ते उगीच नाही, तो भडकन लागतो आणि कढईच्या बुडाला सगळीकडे भिडतो. जाड लोखंडी कढई किंवा खापर कडक तापवावं. पाच-सहा दाणे टाकून ते काही सेकंदांत फुटले तर कढई तयार. मग एका वेळी एक लहान मूठ, २० ते २५ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. काठीच्या टोकाला सुती फडक्याचा बोळा बांधून त्याने दाणे सतत फिरवायचे, वर जाळीची चाळणी आडवी धरायची. अर्ध्या-पाऊण मिनिटात घाणा होतो. दुसरा घाणा टाकण्याआधी कढई पुन्हा तापू द्यायची. हा धीर सुटला की तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून गणंग वाढत जातात. फार करायच्या असतील तर कढईत जाड मीठ किंवा धुऊन वाळवलेली जाड वाळू तापवून त्यात ज्वारी फोडावी आणि चाळून घ्यावी. भट्टीवाला हेच करतो, वाळू दाण्याला चहूबाजूंनी वेढते.

चूक कुठे झाली ते तळाला राहिलेले गणंग पाहून कळतं. मक्याचे गणंग अख्खे, बाहेरून किंचित काळपट असतील तर दाणा सुकलेला होता. अर्धवट उघडून आत पांढरं टणक दिसत असेल तर बहुधा आच कमी पडली किंवा पातेलं भरगच्च होतं. ज्वारी न फुटता तांबूस झाली तर पाणी कमी पडलं. दाणा चट्‌ करून नुसता चिरला, फूल आलं नाही, तर पाणी जास्त झालं किंवा कढई निवली होती. पाणी जास्त झालं असेल तर ज्वारी तासभर पंख्याखाली पसरावी आणि पुन्हा एक मूठ करून बघावी.

खाण्यातही एक दुसरीच्या जागी चालत नाही. ज्वारीची लाही लहान, साल पातळ. ती दळून पीठ होतं, ताकात मीठ-जिरं घालून किंवा दूध-गुळात कालवून खाता येतं. मक्याच्या लाहीचं टरफल टोकदार राहतं, दळलं तरी घशात बोचतं, तिचं पीठ करू नये. चार वर्षांखालच्या मुलांना मक्याच्या लाह्या मुळीच देऊ नयेत, घशात अडकतात. वरून मीठ घालायचं तर मिक्सरमध्ये पिठीसारखं बारीक करून. जाड मीठ लाहीवर टिकत नाही, सगळं तळाला जातं. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर ठेवतो त्या लाह्या साळीच्या, म्हणजे भाताच्या. त्यांची रीत या दोन्हींहून निराळी.

दोन्ही लाह्या हवेतली ओल झपाट्याने ओढतात. पूर्ण निवाल्यावरच डब्यात भराव्यात, गरम भरल्या तर स्वतःच्याच वाफेने सादळतात. सादळलेली ज्वारीची लाही कोरड्या कढईत मंद आचेवर मिनिटभर हलवली की पुन्हा कुरकुरीत होते. तेलातली मक्याची लाही मात्र त्याच दिवशी संपवावी.