तालीम संघ (कोल्हापूर फुटबॉल)

कोल्हापूर शहरातल्या एखाद्या तालीम मंडळाच्या नावाने खेळणारा पेठेचा फुटबॉल संघ. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, उत्तरेश्वर पेठेतली वाघाची तालीम ही सगळी नावे मुळात कुस्तीच्या हौद्याची. आज ती शहराबाहेर पोचतात ती बहुतेक फुटबॉलमुळे. शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्या नावात तालीम नसली तरी कारभार त्याच धाटणीचा आहे.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) कुस्तीला राजाश्रय मिळाला आणि पेठोपेठी तालमी भरभराटीला आल्या. तालीम म्हणजे निव्वळ व्यायामशाळा नव्हे. गणपती तिथेच बसतो, मर्दानी खेळांचे पट्टे तिथेच फिरतात, वर्गणी तिथून निघते आणि भांडणही तिथेच मिटते. फुटबॉल आला तो या तयार घरात. पैलवान घडवायला वर्षानुवर्षांचा खुराक लागतो, तर फुटबॉलला एक चेंडू आणि मोकळी जागा पुरते. शिवाय कुस्ती एकट्याची असते, फुटबॉलमध्ये गल्लीतली अकरा पोरे एकदम खेळतात. पेठेच्या अभिमानाला हा खेळ जास्त सोयीचा पडला, असे म्हणायला हरकत नाही. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन (केएसए) स्थापन झाली आणि या खेळाला नोंदणी, वेळापत्रक व शिस्त मिळाली. संस्थेचे आश्रयदातेपण छत्रपती घराण्याकडे राहिले. महत्त्वाचे सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात.

शहरातली सर्वांत जुनी आणि ठसठशीत चुरस शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यात आहे. कोल्हापुरात तिला ‘ईर्षा’ म्हणतात, आणि हा शब्द इथे निंदेचा नाही. ‘ईर्षेने खेळला’ ही शाबासकी असते. मात्र पेठ म्हणजे एकच संघ असे समजू नये. पाटाकडील आणि बालगोपाल दोन्ही मंगळवार पेठेतले, तर शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा आणि संध्यामठ हे शिवाजी पेठेतले. त्यामुळे पेठेबाहेरची ईर्षा आणि पेठेच्या आतली ईर्षा असे दोन पदर पडतात, आणि आतली कधीकधी जास्त बोचरी असते, कारण हरलेल्याला दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून जावे लागते. रविवार पेठेतले दिलबहार विरुद्ध पाटाकडील हा सामनाही तितक्याच त्वेषाने होतो. जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर आणि उपनगरातली फुलेवाडी हे संघ या भांडणात बाहेरचे मानले जातात. नेमके तेच कित्येकदा बड्या संघांचे गुण खाऊन जातात. मैदानातली ईर्षा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतही दिसते, कारण मंडळे तीच आणि कार्यकर्तेही तेच.

हंगाम पावसाळ्यानंतर खेळाडूंच्या नोंदणीने सुरू होतो आणि वळवाचे ढग दिसेपर्यंत चालतो. आधी केएसएची साखळी स्पर्धा होते. वरिष्ठ संघ सोळा. अलीकडे त्यांचे आठ-आठचे दोन गट केले जातात. आठ संघ एकमेकांशी एकदाच खेळले की प्रत्येकाच्या वाट्याला सात सामने येतात. गटाचे २८, दोन्ही गटांचे मिळून ५६. सातच सामने असल्याने सुरुवातीचे दोन पराभव भरून काढायला वाव उरत नाही, म्हणून पेठेचा सामना पहिल्या आठवड्यात लागला की प्रशिक्षकाच्या कपाळाला आठ्या पडतात. साखळीनंतर चषकांच्या बाद स्पर्धा येतात. त्यांच्या मागे बहुधा एखादे मंडळ किंवा राजकीय नेता असतो. बरोबरी सुटली नाही तर टायब्रेकर, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच पेनल्टी. तरीही बरोबरी राहिली तर सडनडेथ, म्हणजे एकेक किक, आणि त्या जोडीत एकाचा गोल झाला नि दुसऱ्याचा हुकला तर हुकलेला बाहेर. अनुभवी व्यवस्थापक अखेरची बदली राखून ठेवतो ती यासाठीच: शेवटच्या मिनिटांत पेनल्टीचा भरवशाचा खेळाडू, क्वचित दुसरा गोलरक्षकही, आत येतो.

बऱ्याचदा एका दिवशी दोन सामने होतात, पहिला दुपारी दोनच्या सुमारास आणि दुसरा चारला. उन्हाळ्यात पहिल्या सामन्याचा उत्तरार्ध पायांची परीक्षा पाहतो. दुसऱ्या सामन्याला ऊन उतरते, पण गोलजाळ्यांपुढचे गवत तोवर उखडलेले असते. चेंडू अवचित उसळतो आणि गोलरक्षकाच्या हातून सुटतो. अशा वेळी गोलरक्षकाने चेंडूच्या रेषेत गुडघा टेकून शरीर आडवे घालणे हाच उपाय. नुसते हात पुढे करून भागत नाही.

संघ चालतो तो वर्गणी, देणगीदार आणि बक्षिसांच्या रकमेवर. अलीकडे मोठा खर्च परदेशी, मुख्यतः आफ्रिकी, खेळाडूंचा असतो: मानधन, खोली, जेवण, प्रवास. घोटाळा होतो तो कागदपत्रांत. व्हिसाची मुदत, आंतरराष्ट्रीय बदलीचे प्रमाणपत्र आणि संघटनेची नोंदणी यांपैकी एक जरी अडकले तरी पैसे देऊन आणलेला आघाडीपटू गॅलरीत बसतो. तसाच खेळवला तर प्रतिस्पर्धी तक्रार करतो आणि जिंकलेला सामना हातचा जाऊ शकतो. दुसरी तक्रार जुन्या जाणकारांची: बाहेरचे दोन-तीन मोहरे गोल करू लागले की पेठेतल्या पोराला आघाडीला जागा मिळत नाही. शेजारच्या पेठेतला खेळाडू फोडून आणणे हा प्रकार आता नेहमीचा झाला असला, तरी पेठेत त्याचा राग परदेशी खेळाडूपेक्षा जास्त येतो.

हुल्लडबाजी हा या खेळाचा जुना आजार. ठिणगी बहुधा तीन जागी पडते: ‘डी’च्या, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टी क्षेत्राच्या, रेषेवरचा फाऊल, ऑफसाइड ठरलेला गोल आणि अखेरच्या मिनिटांतली वेळकाढू लोळण. मग पाण्याच्या बाटल्या, दगड, मैदानात घुसणे. नियमाने एका बाजूचे खेळाडू सातपेक्षा कमी उरले तर सामना पुढे चालवता येत नाही. रागाच्या भरात मैदान सोडणारा संघ पंचांना शिक्षा करत नाही, स्वतःचा सामना घालवतो. समर्थकांना वेगवेगळ्या गॅलऱ्या, वेगवेगळी दारे आणि एका बाजूचे लोक बाहेर गेल्यावरच दुसऱ्यांना सोडणे हे उपाय कामाचे आहेत. खरा धोका शिट्टीनंतर, दोन्ही जमाव एकाच रस्त्याला लागले की असतो.

सरावाच्या जागेची अडचण मात्र कुणाच्या शिस्तीने सुटणारी नाही. शिवाजी पेठेतले गांधी मैदान पूर्वीच्या वरुणतीर्थ तळ्याच्या जागेवर आहे, त्यामुळे पावसाचे पाणी आजही तिथेच धाव घेते आणि मैदान तुंबते. त्याचा फटका कोवळ्या पोरांना जास्त बसतो, कारण तालमीचे लक्ष आणि पैसा वरिष्ठ संघावर असतो. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतली. कोल्हापूरचाच निखिल कदम कोलकात्याच्या मोहन बागानसारख्या क्लबकडून खेळला. मुलींचा फुटबॉल शहरात वाढला तो मुख्यतः शाळा-महाविद्यालये आणि जिल्हा संघांच्या आधाराने. पुरुषांच्या संघांमागे गॅलरी भरून उभ्या राहणाऱ्या पेठा तिथे अजून फारशा दिसत नाहीत.